एका पडद्याच्या दोन चाकऱ्या

ज्यांच्या घरात कामाची खोली निराळी आणि करमणुकीची निराळी अशी ऐसपैस व्यवस्था आहे, त्यांना प्रस्तुत विवेचनाचे फारसे प्रयोजन नाही. परंतु ज्या टेबलावर दिवसा कचेरीचे तक्ते, पत्रव्यवहार आणि दूरस्थ सभा चालतात त्याच टेबलावर रात्रीची जेवणे आटोपल्यानंतर चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना पाहिला जातो, अशी घरे आता आपल्या शहरांतून जागोजाग आढळतात, आणि अशा घरासाठी मॉनिटर खरेदी करणे हा दिसतो तितका सरळ व्यवहार नाही. दुकानातील सगळे पडदे एका रांगेत, एकाच झगझगीत चित्रफितीवर, पूर्ण तेजाने चालू ठेवलेले असतात. त्या फितीत पोपट असतात, फुले असतात, निळाशार समुद्र असतो, परंतु दोन हजार ओळींचा हिशेबाचा तक्ता मात्र कधीच नसतो. परिणामी गिऱ्हाईक जे पाहून पडदा पसंत करते ते घरी त्याला क्वचितच पाहावे लागते, आणि जे रोज सात-आठ तास पाहावे लागते त्याची पारख खरेदीपूर्वी एकदाही झालेली नसते.

वस्तुतः या दोन चाकऱ्यांच्या मागण्या परस्परांहून अगदी भिन्न आहेत. वाचनाचे काम उजेडात होते, डोळा पडद्यापासून हातभर अंतरावर असतो, अक्षर जागचे हलत नाही आणि त्याची कड काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर उभी असल्यामुळे ती थोडीशीही पुसट झाली की डोळा ती स्पष्ट करून घेण्याचा व्यर्थ खटाटोप दिवसभर करीत राहतो. उलट चित्रपट बहुधा मंद प्रकाशात, थोडे मागे रेलून पाहिला जातो. त्याचे चित्र सेकंदाला चोवीस वेळा बदलते, छायालेखकाने पार्श्वभूमी कित्येकदा मुद्दामच धूसर ठेवलेली असते, आणि प्रेक्षक कथेत गुंतलेला असल्याने बारीकसारीक उणिवा त्याच्या ध्यानातही येत नाहीत. अक्षर क्षमा करीत नाही. चित्र बरेच काही पोटात घालते. म्हणून ज्याला एकाच पडद्यावर दोन्ही गोष्टी करावयाच्या आहेत त्याने निवडीचा आरंभ अक्षरापासून करावा, आणि अक्षराची तजवीज झाल्यावर जी रक्कम शिल्लक उरेल ती चित्राच्या दिमतीला द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जाहिराती नेमका याच्या उलट क्रम शिकवतात.

मॉनिटरचा आकार म्हणून जो इंचांचा आकडा सांगितला जातो तो पडद्याच्या कर्णाचा असतो. सोळास नऊ या आज रूढ असलेल्या प्रमाणाचा २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद व ३४ सेंटिमीटर उंच भरतो. परंतु नुसत्या आकारावरून काहीच ठरत नाही. त्या आकारात किती बिंदू, म्हणजे पिक्सेल, बसवले आहेत यावर सगळे अवलंबून असते. ‘फुल एचडी’ म्हणून ज्याची ओळख आहे त्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. २५६० × १४४०च्या पडद्यावर ते सुमारे ३७ लाख होतात. आणि ३८४० × २१६०च्या, बाजारात ‘फोर के’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यावर ८३ लाखांच्या घरात जातात. आता निरोगी दृष्टीचा मनुष्य सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनाचे अंतर विलग पाहू शकतो असे धरून हिशेब मांडला, तर २४ इंची फुल एचडी पडद्यावरचे पिक्सेल डोळ्याआड होण्यास सुमारे ९५ सेंटिमीटर दूर बसावे लागते, २७ इंची फुल एचडी पडद्यासाठी हेच अंतर एक मीटरच्याही पलीकडे जाते, २७ इंची १४४०च्या पडद्यासाठी ते ८० सेंटिमीटरवर येते, आणि त्याच आकाराच्या फोर के पडद्यासाठी ५४ सेंटिमीटर पुरतात. टेबलाशी बसलेल्या माणसाचे डोळे पडद्यापासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे २७ इंची फुल एचडी हा दुकानातला लोकप्रिय आणि स्वस्त माल वाचनासाठी का घेऊ नये याचे निराळे स्पष्टीकरण देण्याची गरज उरत नाही.

येथे एक गोष्ट अधिक विस्ताराने सांगणे अगत्याचे वाटते, कारण मॉनिटरविषयीच्या बहुतेक शिफारशी रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात आणि त्या देवनागरी वाचणाऱ्याने जशाच्या तशा स्वीकारल्या तर त्याची फसगत होते. रोमन लिपीतील लहान अक्षरांचा बहुतेक मजकूर ओळीच्या मधल्या पट्ट्यात सामावतो. देवनागरीत मात्र शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार, वेलांटीचा वळसा आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, आणि मधल्या भागात दोन-तीन व्यंजनांची जोडाक्षरे, अशी दाटी एकाच ओळीच्या उंचीत करावी लागते. विंडोज प्रणालीच्या मूळ मापात अकरा पॉइंटच्या टंकाला सुमारे १५ पिक्सेलांची उंची मिळते, आणि ‘राष्ट्रीय’, ‘उद्ध्वस्त’ किंवा ‘वाङ्मय’ यांसारखा शब्द तेवढ्या पिक्सेलांत बसवताना संगणकाला काही ना काही गाळावे लागते, काही ना काही एकमेकांत मिसळावे लागते. मग ‘ष’चा तिरका छेद पुसट होऊन तो ‘प’ भासतो, ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांची जागा घेतात, ‘भ’ आहे की ‘म’ हे शब्दाच्या अर्थावरून ठरवावे लागते, आणि ‘त्याना’ लिहिले आहे की ‘त्यांना’ हे पाहण्यासाठी मुद्रितशोधकाला नाक पडद्याला लावावे लागते. २७ इंची फोर के पडद्यावर दीडपट मापन ठेवले तर कागदी मोजपट्टीने अक्षर त्याच आकाराच्या १४४०च्या पडद्यावर मूळ मापात असते तितकेच मोठे, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटरांचे राहते, परंतु त्याच साडेतीन मिलिमीटरांत आता १५च्या ऐवजी २२ पिक्सेल असतात. आणि हा सात पिक्सेलांचा फरक रफाराला आणि अनुस्वाराला पुन्हा आपापल्या जागी आणून बसवतो.

सबब ज्यांची उपजीविकाच मराठी मजकुरावर चालते, अशा संपादकांनी, अनुवादकांनी, शिक्षकांनी आणि जिल्हा न्यायालयातील दस्तऐवज दिवसभर चाळणाऱ्या वकिलांनी इतर सगळे अलंकार बाजूस सारून २७ इंची फोर के पडदा घ्यावा. ज्यांचे काम मुख्यतः आकडेवारीचे किंवा इंग्रजी पत्रव्यवहाराचे आहे त्यांना २७ इंची १४४० पुरेसा आहे. खिसा अगदीच आखडता असेल तर २४ इंची फुल एचडी चालेल. ३२ इंची १४४० घेणाऱ्याने मात्र एवढे समजून असावे की त्याची पिक्सेलांची दाटी २४ इंची फुल एचडीइतकीच, म्हणजे इंचाला सुमारे ९२ असते. पडदा मोठा झाला, अक्षर सुधारले नाही. मॅक संगणक वापरणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न किंचित अधिक नाजूक आहे, कारण त्या प्रणालीने २०१८ साली अक्षरांच्या कडा उपपिक्सेलांच्या साहाय्याने गुळगुळीत करण्याची जुनी युक्ती सोडून दिली, आणि तेव्हापासून कमी दाटीच्या पडद्यांवर तिची अक्षरे अधिकच विरविरीत दिसू लागली.

अक्षराचा निकाल लागल्यावर चित्राकडे वळावे, आणि चित्राच्या बाबतीत पहिला प्रश्न रंगांचा नसून काळोखाचा आहे. तो समजण्यासाठी हे पडदे चालतात कसे ते थोडे पाहिले पाहिजे. १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातील कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवताना असे आढळले की तो १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव होतो आणि १७८.५ अंशांना तोच द्रव एकाएकी स्वच्छ पारदर्शक होतो. या दोहोंमधली जी अवस्था, जिच्यात पदार्थ द्रवासारखा वाहतो परंतु त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात, ती द्रवस्फटिकांची अवस्था होय. आजच्या बहुसंख्य मॉनिटरांत पाठीमागे पांढरा प्रकाश सतत तेवत असतो. त्याच्यापुढे दोन ध्रुवण-पटले बसवलेली असतात आणि त्यांच्यामधला द्रवस्फटिकांचा थर विद्युद्दाबाच्या हुकमानुसार प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा कमीअधिक वळवून प्रत्येक बिंदूतून किती प्रकाश बाहेर सोडावयाचा ते ठरवतो. म्हणजे काळा रंग दाखवावयाचा झाला तर या पडद्यावर दिवा विझवला जात नाही, नुसते दार लोटून घेतले जाते. आणि दार कितीही घट्ट लोटले तरी फटीतून थोडा उजेड झिरपतोच.

तो किती झिरपतो यावर पडद्याची जात ठरते. ‘आयपीएस’ जातीच्या पडद्यावर पूर्ण पांढरा हा पूर्ण काळ्याच्या सुमारे हजारपट तेजस्वी असतो, अलीकडच्या सुधारित वाणांत दोन हजारपट. ‘व्हीए’ जातीत हे प्रमाण तीन हजार किंवा त्याहून अधिक भरते. केवळ या आकड्यांवर निकाल द्यावयाचा तर करमणुकीसाठी व्हीए सरस ठरेल, आणि अंधाऱ्या खोलीत एकटाच प्रेक्षक पडद्यासमोर बसणार असेल तर तो तसा आहेही. परंतु व्हीए पडद्याकडे बाजूने पाहिले की रंग फिके पडतात, आणि काळ्यातून करड्यात जाणारी हालचाल त्यावर मागे काजळी सोडत जाते. उलट आयपीएस पडद्याचे रंग दिवाणावर एका कडेला बसलेल्या आजीबाईंनाही जवळजवळ तितकेच खरे दिसतात. जुन्या ‘टीएन’ जातीचे पडदे या बाबतीत तर अगदीच हतबल होते, आणि त्यांचा पाहण्याचा कोन रुंदावण्यासाठी पुढे जे पातळ पटल वापरात आले त्यात चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक योजलेले होते. या जातीच्या द्रवस्फटिकांचा शोध बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली लावला, ही गोष्ट आपल्याकडे मॉनिटर विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

काळोखाला इतके महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की चित्रपट पाहताना पडद्याचा बराच भाग काळाच असावयाचा असतो. १९५३ सालचा ‘श्यामची आई’ किंवा प्रभात कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ ज्या जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झाला, ती सोळास नऊच्या पडद्यावर मांडली की दोन्ही बाजूंना मिळून सुमारे पाव पडदा रिकामा उरतो. आणि आजचा रुंद पटाचा चित्रपट लावला तर वर व खाली मिळून पुन्हा तेवढाच, सुमारे पाव पडदा रिकामा राहतो. म्हणजे चित्रपट जुना असो वा नवा, पडद्याच्या चौथाईने गप्प बसावे अशी अपेक्षा असते, आणि आयपीएस पडद्यावर रात्री दिवे मालवले की ही चौथाई काळी न राहता राखाडी होऊन लुकलुकू लागते. यावर एक किफायतशीर उपाय आहे, जो दुकानदार सांगत नाही कारण त्यात त्याला लाभ नाही: पडद्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, एक मंद पांढरा दिवा लावावा. डोळ्याची बाहुली त्या उजेडाला सरावते आणि तोच राखाडी भाग काळा वाटू लागतो. दिवसा तर हा सगळा वादच निरर्थक ठरतो, कारण खिडकीचा उजेड पडद्यावर पडला की कागदावरचे तीन हजार आणि एक हजार यांत फारसा भेद उरत नाही. म्हणून खिडकी पाठीशीही नको आणि समोरही नको. ती बाजूला असावी, आणि पडदा चकचकीत न घेता मंद पृष्ठभागाचा घ्यावा.

काळोखाचे खरे समाधान ‘ओलेड’ पडद्यात आहे. कोडॅक कंपनीतील चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली ज्या सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले तिच्या वंशजांत प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाशतो, आणि काळा दाखवावयाचा तर तो विझतो. चित्रपटासाठी याहून उत्तम पडदा आज टेबलावर ठेवता येत नाही, हे निर्विवाद. परंतु आपल्या प्रश्नात कामाचीही बाजू आहे, आणि तेथे ओलेडविरुद्ध दोन तक्रारी नोंदवाव्या लागतात. पहिली सर्वश्रुत आहे: जे चित्र महिनोन्महिने एका जागी स्थिर राहते, उदाहरणार्थ खालची पट्टी किंवा तक्त्याच्या रेघा, त्याची छाया हळूहळू पडद्यात कायमची मुरते, काही कंपन्या आता यासाठी तीन वर्षांची हमी देतात, आणि हमी देण्याची गरज वाटते यातच सारे आले. दुसरी तक्रार मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. क्वांटम डॉट ओलेड म्हणून जे पडदे मिळतात त्यांपैकी पुष्कळांत लाल, हिरवे आणि निळे उपपिक्सेल एका ओळीत नसून त्रिकोणात मांडलेले असतात, त्यामुळे आडव्या कडांना वरच्या अंगाला हिरवट आणि खालच्या अंगाला जांभळट किनार दिसते. आणि देवनागरी लिपीत तर प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर एक आडवी कड, शिरोरेखा, ओढलेली असते. पिक्सेलांची दाटी वाढली की ही किनार विरळ होते, परंतु २७ इंची १४४०च्या ओलेडवर मराठी ग्रंथ संपादित करण्याचा विचार असेल त्याने तो पडदा आधी मराठी मजकूर उघडून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत.

गतीच्या बाबतीत, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो या बाबतीत, आकडे जितके मोठे तितके चांगले असा समज आहे. तो खेळ खेळणाऱ्यांपुरता खरा आहे. आपल्या प्रयोजनासाठी भागाकार पाहावा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६०ला २४ने निःशेष भाग जात नाही, म्हणून ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा अशी लंगडत दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथपणे एका बाजूकडून दुसरीकडे फिरतो तेव्हा तो लंगडेपणा जाणवतो. आपल्या देशातील दूरचित्रवाणीची परंपरा ५० हर्ट्झच्या विजेशी जुळवून घेतलेली, सेकंदाला २५ चौकटी व त्यांची, प्रत्येकी अर्ध्या चौकटीची, ५० क्षेत्रे अशी आहे; ५० चौकटींचे सामन्याचे प्रक्षेपण ६०च्या पडद्यावर दाखवताना दर सेकंदाला दहा चौकटी दुसऱ्यांदा दाखवाव्या लागतात, आणि सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा फिरला की बारीक हिसके बसतात. १२०ला २४ने भाग जातो. १००ला ५०ने जातो. म्हणून जिथे १२० हर्ट्झ मिळतात आणि जरूर पडेल तेव्हा १०० निवडण्याचीही मुभा आहे असा पडदा घेतला म्हणजे चित्रपट आणि क्रिकेट या दोन्ही राष्ट्रीय व्यसनांची सोय होते. केवळ कामाच्या दृष्टीनेही मजकूर सरकवताना या गतीचा डोळ्याला आराम वाटतो. मात्र घरी आणल्यावर संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन ती गती स्वतः निवडावी लागते, नाहीतर १२०चा पडदा वर्षानुवर्षे ६०वरच चालतो आणि मालकाला त्याची वार्ताही नसते.

‘एचडीआर’, म्हणजे उजेड आणि काळोख यांतला अधिक रुंद पल्ला, या तीन अक्षरांभोवती जाहिरातवाल्यांनी जितकी मखलाशी केली आहे तितकी इतर कशाभोवतीही केलेली नाही. व्हेसा या संघटनेने २०१७च्या अखेरीस डिस्प्लेएचडीआर नावाची प्रमाणपद्धती जाहीर केली, तिची सर्वांत खालची पायरी ४००ची. या पायरीसाठी पडद्याच्या निरनिराळ्या भागांमागचा प्रकाश स्वतंत्रपणे मंद करण्याची सोय असण्याची सक्ती नाही, आणि ती सोय नसलेल्या पडद्यावर एचडीआरचे चित्र बहुधा साध्या चित्राहून फिकेच दिसते. त्या चिठ्ठीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. रंगांविषयी इतकेच पाहावे की १९९६ साली पुढे आलेल्या आणि आजही बहुतेक संकेतस्थळांचा व छायाचित्रांचा पाया असलेल्या ‘एसआरजीबी’ या रंगक्षेत्राचा निराळा विकल्प पडद्याच्या मेनूमध्ये असावा. रुंद रंगक्षेत्राच्या पडद्यावर तो नसला तर दूरस्थ सभेतील सहकाऱ्यांचे चेहरे टोमॅटोच्या वर्णाचे दिसतात.

डोळ्यांचे आरोग्य हा विषय विक्रेत्यांना अलीकडे फार प्रिय झाला आहे. नीलप्रकाश कमी करणाऱ्या खुणा खोक्यावर छापल्या जातात. परंतु नीलप्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरील प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेचा जो आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला त्यात अशा चष्म्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे दिसून आले नाही. शीण येण्याची मोठी कारणे साधी आहेत: पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, पडदा खोलीच्या मानाने फार तेजस्वी ठेवतो आणि तो चुकीच्या उंचीवर ठेवतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी. त्यासाठी उंची बदलणारा पाय असलेला मॉनिटर घ्यावा, किंवा मागे १०० × १०० मिलिमीटरांवर चार भोके असलेला घेऊन निराळा बाहू बसवावा. स्थिर पायाचा पडदा घेऊन त्याखाली जुने दिवाळी अंक रचण्याची प्रथा घरोघर आहे. तिच्यात वावगे काही नाही, पण मग अंक वाचावयास मिळत नाहीत. तेज कमी करताना काही पडदे प्रकाश अतिजलद चालू-बंद करून ते साधतात, आणि काहींना त्याने डोके दुखते. ‘फ्लिकर-फ्री’ ही खूण नीलप्रकाशाच्या खुणेपेक्षा अधिक मोलाची आहे ती यामुळे.

जोडण्यांचा तपशील थोडक्यात सांगतो. एचडीएमआयच्या जुन्या १.४ आवृत्तीतून फोर के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते आणि माउसचा बाण अडखळत चालतो, २.० आवृत्तीतून ६० वेळा जाते, २.१मधून १२० वेळा. डिस्प्लेपोर्ट असेल तर तो वापरावा. लॅपटॉप वापरणाऱ्याने यूएसबी-सी जोडणीचा आणि त्यातून निदान ६५ वॅट वीज देणारा पडदा पाहावा. एका तारेत चित्र आणि विद्युत्पुरवठा दोन्ही येतात आणि टेबल मोकळे होते. अंगभूत ध्वनिवर्धकांकडून कसलीही अपेक्षा करू नये. पैसे भरून फोर के चित्रपट पाहणाऱ्यांनी पडदा एचडीसीपी २.२ ही नकलप्रतिबंधक पद्धत मानतो ना हे विचारून घ्यावे, नाहीतर वर्गणी फोर केची आणि चित्र त्याहून हलक्या प्रतीचे असा प्रकार होतो.

‘त्यापेक्षा ४३ इंची टीव्हीच का घेऊ नये?’ हा प्रश्न हमखास येतो, कारण किमतीत तो बरेचदा बरोबरीचा असतो. ४३ इंची फोर के टीव्हीची दाटी इंचाला सुमारे १०२ पिक्सेल, म्हणजे तशी वाईट नाही. परंतु टेबलाच्या अंतरावरून त्याचे कोपरे पाहण्यास मान वळवावी लागते, आणि कित्येक टीव्ही संगणकाकडून आलेल्या रंगांची माहिती निम्म्याहून कमी करून दाखवतात, त्यामुळे लाल अक्षरे काळ्या पार्श्वभूमीवर फाटक्या कडांची दिसतात. मुख्य काम बैठकीच्या अंतरावरून पाहण्याचे असेल तरच तो घ्यावा. ३२ इंचांहून मोठ्या पडद्यांवर पूर्वी जो २८ टक्के वस्तू व सेवा कर होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आल्यामुळे मोठ्या पडद्याविरुद्धची ती जुनी सबब आता शिल्लक राहिलेली नाही. मान मात्र जुनीच आहे.

तेव्हा एकत्र संसाराचा पडदा विचारणाऱ्याला मी सांगेन तो असा: २७ इंची, आयपीएस, मराठी वाचन अधिक असेल तर फोर के आणि नसेल तर १४४०, शक्य तर १२० हर्ट्झ आणि १०० निवडण्याचीही मुभा, उंची बदलणारा पाय, आणि मागे एक मंद दिवा. व्हीए केवळ एकट्या रात्रपाळीच्या प्रेक्षकाने घ्यावा; ओलेड त्याने घ्यावा, ज्याचे पाहणे वाचण्याहून अधिक आहे. विकत घेण्यापूर्वी मृत पिक्सेलांविषयीची कंपनीची अट लेखी वाचावी, कारण एखाद-दुसरा मृत पिक्सेल कित्येक कंपन्या दोष मानीतच नाहीत. पडदा घरी आला की पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरा, पूर्ण काळा आणि तिन्ही मूळ रंग आळीपाळीने भरून तो तपासावा, त्यावर अकरा पॉइंटमधला मराठी मजकूर अर्धा तास वाचून पाहावा, आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोका व आतले थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावेत. मूळ वेष्टनावाचून पुष्कळ विक्रेते माल परत घेत नाहीत.